बाजारबुणगे कोणाला म्हणावें?

आपल्या भाषेंत एक शब्द असा आहे कीं, तो उच्चारतांच बोलणाराच्या ओठाला मुरड पडते. तो शब्द म्हणजे 'बाजारबुणगे'. सैन्याच्या पाठीमागून धान्याच्या गोण्या, तंबूंचे दांडे, घोड्यांची वैरण व जखमी शिपायांच्या डोल्या घेऊन जो समुदाय चालतो, त्यास हें नांव पडलें. आणि निरुपयोगी मनुष्याची निंदा करावयाची झाल्यास आम्ही तेंच नांव आजतागायत वापरीत आलों आहों. लढणारा तो वीर आणि वाहणारा तो बुणगा, अशी ही विभागणी आहे. संचलनांत रणगाडा दिसला कीं टाळ्या पडतात. परंतु त्याच्या टाकींत तेल कोणीं ओतलें, तें तेल कोणत्या घाटानें व कोणाच्या हातून वर चढलें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आमचें आजचें म्हणणें असें आहे कीं, हा प्रश्न न विचारणें हा नुसता कृतघ्नपणा नव्हे. राष्ट्राच्या संरक्षणास तें प्रत्यक्ष घातक आहे. ज्या राज्यानें ओझें वाहणारास हलका लेखलें, त्याचें ओझें ऐन वेळीं वाटेंतच पडलें, याचे दाखले इतिहासांत जागोजाग आहेत. आणि या शब्दाचा पूर्वार्ध 'बाजार' हाच असल्यामुळें, आमच्या व्यापारी बंधूंनीं तरी हे दाखले दुसऱ्याचे म्हणून वाचूं नयेत.

व्यापाऱ्यांशीं बोलावयाचें तर प्रथम हिशेबाचीच गोष्ट बोलूं. समजा, एका बैलाच्या पाठीवर ८० शेर धान्य लादलें आहे, तो बैल रोज ४ शेर खातो, आणि वाटेंत चारा मुळींच नाहीं. पांच दिवसांच्या वाटेवर जाऊन परत येण्यास त्यास दहा दिवस लागतात. तेवढ्यांत ४० शेर धान्य त्याच्याच पोटांत जातें व छावणींत पोंचतें तें निम्में. वाट दहा दिवसांची झाली कीं ऐंशींचे ऐंशी शेर बैलच खातो, आणि शिपायाच्या हातीं रिकामी गोणी येते. बैल दुप्पट केले तरी उत्तर बदलत नाहीं. कारण तोटा प्रत्येक बैलामागें आहे. उपाय दोनच: वाटेंत टप्प्याटप्प्यावर आधींच कोठारें भरून ठेवावींत, किंवा कमी खाऊन अधिक वाहील असें वाहन, म्हणजे नाव अथवा आगगाडी, मिळवावें. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? सेनापति कितीहि शूर असला तरी हें त्रैराशिक त्याच्या तलवारीस भीत नाहीं.

कोणी म्हणेल, ही बैलांच्या काळची गोष्ट झाली. आतांचें सैन्य मोटारीवर चालतें. आमचें उत्तर असें कीं, मोटारीनें हा हिशेब पुसला नाहीं, उलट तो अधिक कडक केला. बैल निदान वाटेच्या कडेचें गवत खाई. मोटार तेंहि खात नाहीं. जुनें सैन्य परमुलखांतल्या शेतांवर कांहीं दिवस तरी काढी. पेट्रोल, तोफेचे गोळे आणि यंत्रांचे सुटे भाग कोणत्याहि शेतांत पिकत नाहींत. १९४२ सालीं जर्मन सेनापति रोमेल ईजिप्तमध्यें अल अलामीनपर्यंत येऊन पोंचला, तेव्हां त्रिपोलीचें मोठें बंदर त्याच्या मागें दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर राहिलें होतें. आणि पेट्रोल वाहणाऱ्या गाड्या वाटेंतच पेट्रोलाचा मोठा भाग पिऊन टाकीत. बैलाचीच गोष्ट ती! सैन्य जितकें चपळ, तितकें तें पिछाडीशीं अधिक घट्ट बांधलेलें असतें. त्याची चपळाई म्हणजे मागें राबणाऱ्या दुसऱ्या कोणाचे तरी श्रम होत.

हें तत्त्व आमच्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. १६७३ सालीं शिवाजी महाराजांनीं चिपळुणाच्या छावणींतील अंमलदारांस जें पत्र पाठविलें, तें या विषयावरील उत्कृष्ट पाठ आहे. त्याचा आशय असा: पावसाळ्याच्या बेगमीचा दाणा व गवत आतांच मनसोक्त उधळाल, तर ऐन पावसांत कांहीं मिळणार नाहीं व घोडीं मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरीं शिरून दाणा, भाकर, लाकूड ओढूं लागाल आणि रयतेस वाटेल कीं याहून मोगल बरे. उंदरानें जळती वात ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, येथपर्यंत त्या पत्रांत सावधगिरी सांगितली आहे. ज्या राजानें एवढे गड घेतले, त्यास उंदराच्या तोंडांतल्या वातीची काळजी वाटे! रसदेचा विचार त्यास हलका वाटला नाहीं, कारण घोडा आणि रयत या दोहोंचें जगणें त्या एका गंजीवर अवलंबून आहे हें तो जाणत होता.

पुढें शंभर वर्षांच्या आंतच हा धडा विसरला गेला. १७६० च्या अखेरीस पानिपतावर मराठ्यांची छावणी अडकली, दिल्लीकडील वाट तुटली, दुआबांतून रसद पाठविणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं उपाशी माणसें उपाशी घोड्यांवर बसून रणांत उतरलीं. या अनर्थाचा दोष आम्ही मोठ्या सोयीनें बाजारबुणग्यांवर टाकला. छावणींत यात्रेकरूंचा व कुटुंबांचा भार होता हें खरें. परंतु तो भार निराळा आणि दाणावैरण वाहणारे हात निराळे. दोहोंस एकाच शब्दांत गोवल्यानें खरा प्रश्न झांकला गेला. एवढीं तोंडें किती दिवस पोसावयाचीं, आणि पाठीमागची वाट कोणीं राखावयाची, याचा जमाखर्च कोणीं ठेवला होता?

वाहणाराच्या वाट्यास काय येतें, याचें उदाहरण बंजाऱ्यांहून बोलकें नाहीं. बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ लादून मोगल, मराठे आणि इंग्रज या तिघांच्याहि फौजा या लोकांनीं पोसल्या. १८०३ सालीं असईच्या मोहिमेंत वेलस्लीची भिस्तहि बंजाऱ्यांवर व वाहतुकीच्या बैलांवर होती. पुढें सडका व आगगाड्या झाल्या, तांड्यांचा धंदा बुडाला, आणि १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा आल्यावर ज्यांच्यावर जन्मतःच चोरपणाचा शिक्का बसला त्यांत बंजाऱ्यांचे गटहि गोंवले गेले. हा कायदा १९५२ सालीं इतिहासजमा झाला. तरी महाराष्ट्रांत हा समाज अद्यापि 'विमुक्त' जातींच्या यादींत आहे, आणि कशापासून विमुक्त, हें त्या शब्दालाच सांगावें लागतें. ज्यांनीं फौजांस भाकर दिली, त्यांस सरकारानें हजेरी दिली!

आतां ज्या प्रकरणांत ही वृत्ति आमच्याच घरांतल्या माणसांस भोंवली, त्याकडे वळूं. पहिलें महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ च्या नोव्हेंबरांत हिंदुस्थान सरकारनें इराणी आखाताच्या टोंकाशीं सैन्य उतरविलें व बसरा घेतलें. त्या सैन्याचा गाभा म्हणजे सहावी 'पुणें डिव्हिजन'. आणि तींत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. बसऱ्यापासून बगदाद नदीच्या वाटेनें सुमारें पांचशें मैल. आगगाडी नव्हती, पक्की सडक नव्हती. टायग्रिस नदी हाच रस्ता आणि उथळ पाण्यांत चालणाऱ्या आगबोटी हेंच वाहन. तेव्हां किती माणसें किती मैल पुढें न्यावींत, हा प्रश्न वस्तुतः बोटी किती आहेत एवढाच होता. पण बोटी मागितल्या तर काटकसरीचें धोरण आड येई, आणि विजयाच्या तारा येऊं लागल्या कीं नकाशावरचें बोट आपोआप पुढें सरके. १९१५ च्या जूनमध्यें अमारा पडलें, सप्टेंबरांत कुत पडलें. मग बगदादचा मोह कोणास आवरणार?

नोव्हेंबरांत जनरल टाउनशेंड बगदादपासून सुमारें वीस मैलांवर टेसिफोन येथें तुर्कांशीं भिडला. सुमारें साडेचार हजार माणसें मेलीं किंवा जखमी झालीं. आणि मग कळलें कीं या जखमींस मागें नेण्यास पुरेशीं वाहनेंच नाहींत. स्प्रिंगा नसलेल्या ओझ्याच्या गाड्यांतून त्यांस नदीपर्यंत आणलें व बोटींवर आणि पडावांवर दाटीवाटीनें भरलें. बसऱ्यास पोंचेपर्यंत कित्येक दिवस त्यांच्या जखमांकडे पाहण्यास कोणी नव्हतें. त्यांतली एक बोट धक्क्याकडे येत असतां मेजर कार्टर नांवाच्या डॉक्टरानें पाहिली व जें पाहिलें तें वरिष्ठांस कळविलें. तेव्हां चौकशी दूरच राहिली, त्यालाच नोकरी जाईल अशी धमकी मिळाली.

उरलेलें सैन्य कुत येथें परतलें व ७ डिसेंबर १९१५ पासून वेढलें गेलें. सोडविण्यास निघालेल्या फौजेचे हजारों लोक बसऱ्यास येऊन बसले होते, पण त्यांस नदीनें वर नेण्यास बोटी नव्हत्या; आणि बंदरांत पुरेसे धक्के नसल्यामुळें भरलेलीं जहाजें माल उतरण्याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे उभीं राहत. कुत सोडविण्याच्या प्रयत्नांत सुमारें तेवीस हजार माणसें मेलीं वा जखमी झालीं. अखेरीस विमानांतून पिठाचीं पोतीं टाकून पाहिलीं. २७० टन सामान भरलेली 'जुल्नार' ही बोट २४ एप्रिलच्या रात्रीं शत्रूच्या माऱ्यांतून घुसविली, ती वाटेंतच अडकून पकडली गेली. २९ एप्रिल १९१६ रोजीं सुमारें तेरा हजार माणसांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं. यांत मराठा पलटणींचे शिपाई होते, आणि ज्यांस कागदोपत्रीं 'फॉलोअर' म्हणत ते खेचरवाले, डोलीवाले, भिस्ती व स्वयंपाकीहि होते. शत्रूच्या गोळीनें जें झालें नाहीं तें न पुरलेल्या बोटींनीं केलें.

या प्रकरणाचा चौकशी अहवाल १९१७ च्या जूनमध्यें प्रसिद्ध झाला. त्यानें हिंदुस्थान सरकारचा वाहतुकीचा व शुश्रूषेचा कारभार उघडा पाडला. भारतमंत्री चेंबरलेन यांनीं जुलैंत राजीनामा दिला, त्यांच्या जागीं माँटेग्यू आले, आणि २० ऑगस्ट १९१७ रोजीं जबाबदार राज्यपद्धतीची ती प्रसिद्ध घोषणा झाली. तीस दुसरींहि कारणें होतीं हें आम्ही जाणतों. तथापि बोटी व डोल्या यांचा हिशेब ज्या सरकारास लागला नाहीं, तें देशाचा कारभार कसा हांकणार, हा प्रश्न त्या अहवालानें सर्वांच्या तोंडीं आणला, यांत संशय नाहीं.

शेवटीं यश आलें तेंहि रसदेच्याच मार्गानें. नवे धक्के बांधले, नदीवर बोटी वाढविल्या, लोहमार्ग टाकले, आणि ही तयारी झाल्यावर जनरल मॉडच्या सैन्यानें ११ मार्च १९१७ रोजीं बगदाद घेतलें. तुर्क तोच, नदी तीच, वाळवंटहि तेंच, फरक पिछाडीचा. परंतु ती पिछाडी कोणाच्या हातांनीं उभी राहिली? त्या महायुद्धांत हिंदुस्थानांतून लाखों बिनलढाऊ माणसें परदेशीं गेलीं. माणसें पुरेनात तेव्हां तुरुंगांतले कैदीहि मजूर म्हणून मेसोपोटेमियास धाडले. खेचरवाला व डोलीवाला गोळ्यांच्या माऱ्यांत शिपायाच्या शेजारीं उभा असे; पण पगार कमी, शिधा कमी, मान तर मुळींच नाहीं. पुढें माणसें मिळेनाशीं झालीं, तेव्हां कोठें त्यांची स्थिति सुधारण्याची सरकारास बुद्धि झाली.

दुसऱ्या महायुद्धानें हाच धडा दोन ठिकाणीं पुन्हां गिरविला. १९४४ च्या मार्चांत जपानी सेनापति मुतागुची यानें सुमारें तीन आठवड्यांचा शिधा देऊन तीन डिव्हिजन इंफाळ व कोहिमाकडे सोडले, आणि मांसासाठीं गुरेंहि बरोबर हांकलीं. शत्रूचीं कोठारें हातीं येतील हा त्याचा हिशेब. तीं आलीं नाहींत. पावसाळा आला, आणि त्याचे हजारों शिपाई भुकेनें व रोगानें मेले. उलट इंफाळांत कोंडलेल्या फौजेस विमानांनीं सुमारें एकोणीस हजार टन सामान पुरविलें व सुमारें तेरा हजार आजारी व जखमी बाहेर काढले. त्या विमानांपर्यंत आणि डोंगरांतल्या ठाण्यांपर्यंत माल पोंचविण्यांत आसामांतील चहाच्या मळ्यांवरचे मजूर व नागा हमाल यांचे हात होते. त्यांचीं नांवें किती पुस्तकांत आहेत?

त्याच वर्षीं फ्रान्समध्यें अमेरिकन सैन्य इतक्या वेगानें धांवलें कीं ऑगस्टच्या अखेरीस जनरल पॅटनचे रणगाडे पेट्रोलावांचून थांबले. तेव्हां २५ ऑगस्टपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत 'रेड बॉल' या नांवानें हजारों मोटारट्रकांची अखंड रांग रात्रंदिवस चालविली. आणि तिचे चालक चारांतले तीन कृष्णवर्णी होते. वर्णभेदामुळें त्यांस लढाऊ पलटणींत बहुधा घेत नसत, वाहतुकीचें 'हलकें' काम देत. त्या हलक्या कामावर अवघी मोहीम तरली! अमेरिकेच्या सैन्यांतील ही विभागणी मोडण्याचा हुकूम निघाला तो १९४८ सालीं. बुणगा या शब्दास इंग्रजींत प्रतिशब्द नसेल; वृत्ति मात्र तीच होती.

आतां कोणी विचारील, हीं जुनीं युद्धें उगाळून काय लाभ? अलीकडचेंच पाहा. २०२२ च्या फेब्रुवारींत रशियाची फौज युक्रेनमध्यें शिरली व कीव्हच्या उत्तरेस सुमारें साठ किलोमीटर लांबीची वाहनांची रांग रस्त्यावर अडकून पडली. इंधन, अन्न व दुरुस्ती यांची अडचण जगानें उपग्रहाच्या चित्रांवरून व बातम्यांवरून पाहिली, आणि एप्रिलच्या आरंभापर्यंत ती फौज तेथून परतली. त्याच उन्हाळ्यांत लांब पल्ल्याचीं अस्त्रें शत्रूच्या दारूगोळ्याच्या कोठारांवर पडूं लागलीं. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: पिछाडी ही आतां सुरक्षित जागा उरली नाहीं. ट्रकाचा चालक, कोठारावरचा कारकून आणि पुलावरचा मजूर हे बिनीच्या शिपायाइतकेच माऱ्यांत आहेत. मग वीर कोण आणि बुणगा कोण?

आमच्या स्वतःच्या देशांत १९६२ सालीं नामका चू नदीच्या कांठीं सुती कपड्यांत आणि मोजक्या काडतुसांवर आमच्या शिपायांस चिनी सैन्यापुढें उभें केलें. गाडीरस्ता कित्येक मजला मागें राहिला होता; विमानांतून टाकलेल्या सामानाचा मोठा भाग दऱ्यांत गेला. त्या जखमेनंतर पुष्कळ सुधारणा झाल्या हें आम्ही आनंदानें मान्य करतों. १९६० सालीं स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेनें हिमालयांत रस्ते नेले. २०२० सालीं रोहतांगखालीं नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला. तरी लक्ष ठेवण्याची गरज संपली नाहीं. २०१७ सालीं नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं संसदेपुढें ठेविलेल्या अहवालाप्रमाणें, २०१६ च्या सप्टेंबरांत दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकीं ६१ प्रकारांचा सांठा दहा दिवसांच्या युद्धासहि पुरता नव्हता. हें कळलें, चर्चा झाली, खरेदीचे अधिकार वाढविले गेले. मेजर कार्टरला धमकी मिळाली. येथें हिशेबनिसाचें म्हणणें ऐकलें गेलें. लोकसत्तेचा उपयोग तो हाच.

परंतु त्या उंच रस्त्यांवर खडी कोण फोडतो? झारखंडांतील संथाळ परगण्यासारख्या दूरच्या भागांतून हंगामापुरते आणलेले मजूर. सियाचीनच्या चौक्यांपर्यंत पाठीवर ओझें नेतात ते मुलकी हमाल. २८ फेब्रुवारी २०२५ रोजीं बदरीनाथाजवळ माणा येथें हिमकडा कोसळून सीमा सडकेच्या कामावरील ५४ मजूर गाडले गेले. सैनिकांनीं शिकस्त करून ४६ जणांस जिवंत काढलें. ८ जण दगावले. ते गणवेशांत नव्हते, म्हणून ते देशासाठीं मेले नाहींत असें म्हणण्याचें धाडस कोणास आहे? त्यांच्या गांवीं तोफांची सलामी झाली नाहीं, चौकांत त्यांच्या नांवाची पाटी लागली नाहीं.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. पहिली: सीमेवरच्या प्रत्येक हंगामी मजुराचें व हमालाचें नांव पक्क्या पटावर असावें, त्यास उंचीस साजेसे कपडे, निवारा व औषध मिळावें, आणि अपघातीं मरण आल्यास त्याच्या कुटुंबास हेलपाटे न घालतां भरपाई मिळावी. दुसरी: युद्धस्मारकांवर शिपायाच्या नांवाशेजारीं वाहणाराचेंहि नांव कोरलें जावें. तिसरी: सांठ्यांचा हिशेब संसदेपुढें नियमानें यावा, गुप्त राखण्याजोगें तें गुप्त राहो, पण नामुष्की गुप्त राखण्यास संरक्षणाचें नांव देऊं नये. आणि चौथी मागणी सरकारकडे नसून व्यापारी बंधूंकडे आहे. फौजेस पुरविलेल्या पिठांतली वाळू, बुटाच्या तळव्यांतला पुठ्ठा आणि बिलांतला फुगवटा यांचा हिशेब शेवटीं कोणत्या तरी बर्फावर, कोणाच्या तरी पायांनीं चुकता होत असतो. ज्या वखारीचा माल चोख, ती वखार गडाच्या तटाइतकीच भक्कम आहे.

'बाजारबुणगे' हा शब्द कोशांतून काढावा असें आमचें म्हणणें नाहीं. तो राहूं द्यावा, म्हणजे आपण कसे होतों याची आठवण राहील. पण यापुढें तो तोंडीं येईल तेव्हां कुतच्या वेढ्यांतला खेचरवाला आणि माण्याच्या बर्फाखालचा मजूर क्षणभर डोळ्यांपुढें उभा राहो. लाज वाटली तर तो शब्द ओठांतच थांबेल. आणि सुधारणेचा आरंभ तेथूनच होईल.